आवाज वगळून

मी, खाली सही करणारी, धंद्याने आवाज-कलावंत, वय एकसष्ट, हे मृत्युपत्र राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती चांगली आहे, हवी त्यापेक्षा जास्तच चांगली. कोणाचा धाक नाही, दबाव नाही, लाडीगोडी तर मुळीच नाही. बिघाड आहे तो घशात. येत्या आठवड्यात डॉक्टर माझे स्वरयंत्र काढणार आहेत. त्यातून मी वाचेन असे ते म्हणतात. आवाज वाचेल असे कोणीच म्हणत नाही.

मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते, असे वकीलबाईंनी मला दोनदा बजावले. मी म्हटले, "मग निम्मं पुढच्या आठवड्यातच लागू करा." त्या हसल्या नाहीत. वकिलांना हसायची फी वेगळी पडत असावी.

कलम पहिले. राहते घर, तीन खोल्या आणि रस्त्याकडचा सज्जा, माझ्या यजमानांच्या हयातीपर्यंत त्यांचे आणि त्यानंतर माझ्या नणंदेचे. वन्संचे आणि माझे कधी पटले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुम्ही बाई एक आणि घरात आवाज सात जणांचे." तरी अडीअडचणीला धावून आल्या त्याच. स्वतःचे बिऱ्हाड मोडून भावाला सांभाळायला त्या इथे येऊन राहिल्या आहेत, तेव्हा घरावर दुसऱ्या कोणी डोळा ठेवू नये. बँकेत जे काही आहे ते यजमानांच्या औषधपाण्याला आणि दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईंच्या पगाराला लावावे.

कलम दुसरे. माझी हत्यारे. दोन जुने सुती झगे, ज्यांची सळसळ मायक्रोफोनला ऐकू जात नाही; कागद वाजू नये म्हणून वर फेल्ट चिकटवलेला लाकडी स्टँड; आणि दातांत धरून उच्चार घोटायचे बुचाचे तुकडे. ही सर्व त्या नव्या मुलीला द्यावीत. माझ्या जागी कोणी हवे म्हणून कंपनीने बेचाळीस जणींची चाचणी घेतली होती, आणि निवड करायला मलाच बसवले होते. कसायाने बकरीलाच सुरी निवडायला सांगावी, तसे. मुलगी गुणी निघाली. तिला मी डोळे मिटून ऐकले आणि होकार दिला. पुढच्याच महिन्यात कंपनीला माणसाची गरज उरली नाही आणि तिला दारातूनच परत पाठवले. झगा तिला सैल होईल, तिने आत शिवून घ्यावा.

कलम तिसरे. यात मालमत्ता नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

एकतीस वर्षे मी पिटुकला होते. सायकलवरून गावभर हिंडणारा, लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देणारा तो कार्टूनमधला मुलगा. आधी मालिका, मग चित्रपट, मग व्हिडिओ गेम. कास्टिंगवाले आधी खरीखुरी मुले आणत. पण मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की आवाज फुटतो आणि अर्ध्या मालिकेत नायक घोगरा होतो. मग आमचे दिग्दर्शक म्हणाले, "मुलगा घेतला तर दोन वर्षं टिकतो, बाई घेतली तर मरेपर्यंत टिकते." चाचणीला मला ऐन वेळी बोलावले होते. तयारी शून्य. म्हणून घरात रोज जो आवाज ऐकत होते तोच काढला, माझ्या पाच वर्षांच्या लेकाचा. त्याला ळ यायचा नाही. कावळ्याला कावला म्हणायचा, सगळ्याला सगलं. पिटुकल्याने पहिली वस्तू शोधली तेव्हा मी ओरडले, "मिलालं रे मिलालं!" काचेपलीकडे सगळे हसले, आणि तेच वाक्य पुढे मुलांच्या दप्तरांवर छापले गेले.

आमच्या धंद्यात पहिल्या भागात जे बोलले गेले ते शंभराव्या भागातही तसेच यावे लागते. त्यासाठी सातत्य सांभाळणाऱ्या एक बाई असतात. त्यांनी पिटुकल्याच्या तक्त्यावर लाल अक्षरात लिहून ठेवले: याला ळ येत नाही. माझ्या मुलाला सातव्या वर्षी ळ आला. एक दिवस जेवता जेवता स्वच्छ म्हणाला, "आई, पोळी." त्याचे वडील टाळ्या पिटत होते आणि मी घास हातात धरून बसले होते. मोठेपणी तो मला चिडवायचा, "आई, वापरून झाला असेल तर माझा ल परत दे."

कलम चौथे. मालिकेच्या पटकथा लेखकाला माझा शब्दकोश द्यावा, पण ज्या ज्या पानावर ळ आहे ते फाडून. मग पुठ्ठा तेवढा उरेल. या गृहस्थाने एकतीस वर्षांत तक्ता एकदाही वाचला नाही. "काळ्याकुळकुळीत मांजरीने लोकरीचा गोळा पळवला" हे वाक्य पिटुकल्याच्या तोंडी लिहिणारा माणूस आहे हा. मी विचारले तेव्हा म्हणाला, "बाई, तुम्ही फार खोलात जाता." खोलात जाण्याचेच मला पैसे मिळत होते. त्याला मी माफ केलेले नाही, आणि मरणाच्या दारात माणूस क्षमाशील होतो वगैरे म्हणतात ते माझ्या बाबतीत खरे नाही.

कलम पाचवे. माझ्या पश्चात शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर तिथे पिटुकल्याचा आवाज लावू नये.

कलम सहावे. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा असताना रस्ता ओलांडताना गेला. यावर मी जास्त लिहिणार नाही. वर्षभरात यजमानांची स्मृती ढळू लागली, आणि आता त्यांच्या लेखी मुलगा पाच-सहा वर्षांचा आहे आणि खाली खेळायला गेलेला आहे. तिन्हीसांजेला ते सज्जात उभे राहतात आणि हाक मारतात, "अरे ए, अंधार पडला, घरी ये."

पहिल्यांदा हे झाले तेव्हा मी त्यांना खरे सांगितले. ते जमिनीवर बसले आणि ज्या तऱ्हेने रडले ते मला पुन्हा ऐकायचे नाही. दुसऱ्या दिवशी सगळे विसरून पुन्हा सज्जात. पुन्हा सांगितले असते तर पुन्हा पहिल्यांदाच ऐकले असते. मी पोळी लाटत होते. माझ्याही नकळत तोंडून निघाले, "आलो बाबा, शेवटचा डाव." त्यांनी मान डोलावली, आत आले आणि जेवले. त्या दिवसापासून रोज मी स्वयंपाकघरातून उत्तर देते. कधी ते विचारतात, "काय करतोयस?" मी म्हणते, "खेलतोय." त्यांना एवढे पुरते. खरे सांगते, मलाही पुरायचे. दिवसातून एकदा माझ्या घरात माझा मुलगा बोलायचा, मग तो माझ्याच तोंडून का असेना.

कलम सातवे. माझा आवाज. इथे वकीलबाईंनी लेखणी खाली ठेवायला सांगितली होती, पण मी लिहिते.

कंपनीने माझ्या एकतीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकात पिटुकला तयार केला आहे. वाक्य टाइप करावे, तो बोलतो. माझ्या जुन्या करारात एक ओळ होती की माझी हरकत असेल तर हे वापरता येणार नाही. मी हरकत घेतली होती आणि ती मागे घेणार नव्हते. कारण हे. गेमसाठी पडण्याचे, धडकण्याचे, बुडण्याचे आवाज वेगवेगळे करून ठेवावे लागतात. ते सगळे मी दिले. मरण्याचा दिला नाही. मुलगा गेल्यानंतर मला तो निघेना. पिटुकला मरत नाही, खाली बसतो आणि थोड्या वेळाने उठतो, असे मी गेमवाल्यांकडून कबूल करून घेतले. माझ्या आयुष्यात मी जिंकलेली ती एकमेव लढाई आहे.

मग घशाचे निदान झाले. माझ्यानंतर यांना उत्तर कोण देणार, या एका विचाराने मला जेवण जाईना. नव्या मुलीला विचारले असते, पण कोणाच्या पोरीला मी जन्मभर रोज तिन्हीसांजेला माझ्या स्वयंपाकघरात बांधून ठेवू? शेवटी कंपनीच्या दारात गेले. ज्या यंत्राला मी शिव्या घातल्या तेच मागायला. अडला हरी, गाढवाचे पाय धरी, यात कोण हरी आणि कोण गाढव ते वाचणाऱ्याने ठरवावे.

तिथले साहेब गोड बोलले. "ताई, तुमच्यासाठी नाही म्हणणार का आम्ही? फोनवर टाकून देतो. फक्त ती हरकत तेवढी मागे घ्या."

मी सही केली. आता पिटुकला त्यांचा आहे, त्याला वाटेल ते बोलायला लावता येते, आणि नव्या गेममध्ये तो मरतो. मी ऐकले नाही. ऐकणाऱ्यांनी सांगितले की हुबेहूब तुमचाच आवाज आहे.

फोन घरी आणला. वन्संना बटणे शिकवली. तिन्हीसांजेला यांनी हाक मारली, "काय करतोयस रे?" वन्संनी बटण दाबले. फोन म्हणाला, "खेळतोय, बाबा."

ळ. स्वच्छ, ठसठशीत ळ.

यजमान वळले आणि अगदी अदबीने म्हणाले, "कोण आपण? या ना, आत या, बसा. मुलगा खाली खेळतोय, येईलच एवढ्यात." घरात आलेल्या परक्या माणसाशी बोलावे तसे. फोनसाठी त्यांनी खुर्चीही पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. यंत्राला शिकवायला आमची सगळी ध्वनिमुद्रणे दिली, त्याआधी एका हुशार माणसाने ती साफ केली होती. श्वास, खाकरणे, अडखळणे, आणि "उच्चारदोष". एकतीस वर्षांतला प्रत्येक ल त्याने चूक समजून दुरुस्त केला होता. मी म्हटले, "मग मी टाइप करतानाच ल लिहिते." तो पोरगेला इंजिनिअर ओशाळून म्हणाला, "लिहा ना, पण ते बरोबर करूनच वाचतं. ते आता शिकलंय." जुनी, साफ न केलेली ध्वनिमुद्रणे मागितली. जागा अडवत होती म्हणून पुसली, असे समजले. प्रसारित भागांत आवाजाला संगीत चिकटलेले, ते वेगळे होत नाही. सातत्यवाल्या बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि त्यांचा तक्ता कोणी कोणाला दिलाच नाही.

माझ्या स्वतःच्या आवाजात चार वाक्ये भरून ठेवावीत म्हणून त्याच दिवशी ध्वनिमुद्रकाकडे गेले. तो माझा जुना मित्र. काचेपलीकडून त्याने मान हलवली नाही, की डोलावलीही नाही. घसा पार चिरलेला होता. माझी मीच एकही टेक पास केली नाही. सबब, आवाज या सदरात मागे ठेवण्यासारखे माझ्याजवळ काहीही नाही, आणि तो कोणाच्याही नावे केलेला नाही.

कलम आठवे आणि अखेरचे. वन्संसाठी.

चार दिवसांपूर्वी यांनी हाक मारली तेव्हा तुम्ही दुकानात गेला होतात. मी जे उरले आहे त्यातून उत्तर दिले. फाटके, अर्धे हवाच. "खेलतोय, बाबा." ते थबकले. मला वाटले, झाले, आता मलाही खुर्ची देतील. पण ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "घसा बसलाय का रे तुझा? आधी वर ये. गुळण्या कर आणि झोप." आणि आत येऊन त्यांनी स्वतः पाणी गरम करायला ठेवले. मी ते पाणी घेतले, गुळण्या केल्या. एवढा आवाज काही ओळखायला अवघड नव्हता त्यांना. ओळखणारे ते एकटेच उरले आहेत.

तेव्हा वन्सं, ऑपरेशननंतर फोन लावू नका. त्यांनी हाक मारली आणि उत्तर आले नाही की सांगा, घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. हे खोटे नाही. ते ऐकतील, पाणी गरम करतील. मी असेन तोवर ते पाणी मी घेईन. मी नसले की तुम्ही घ्या.

काही दिवसांनी ते विचारतील, "बरा कधी होणार?" एकतीस वर्षे दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये मी बोलले आणि नावे ठेवली. हे एक मला स्वतःला लिहायचे होते. तीन संध्याकाळी बसले, सुचले नाही. म्हणून इथे जागा सोडली आहे. तुम्हाला सुचले तर तुम्ही लिहा.

. . . . . . . . . . . . . . . . . . . .

वरील मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवू शकत नसल्याने साक्षीदारांनी तो माझ्यासमोर मनात वाचला आणि मी प्रत्येक पानावर सही केली. खाडाखोड नाही, रिकामी ओळ हेतुपुरस्सर आहे.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले: ध्वनिमुद्रक. सही.
साक्षीदार दुसरे: सातत्य सांभाळणाऱ्या बाई, निवृत्त. सही. (सही करताना त्यांनी कलम तीनमधली लाल अक्षरे खरी असल्याचे सांगितले.)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, तिन्हीसांजेच्या आत.