डावीकडून चपटी

प्रिय धाकट्या,

पत्रासोबत आलेला गोल खोका उघडू नकोस. आधी हे सगळं वाच, मग काय आदळआपट करायची ती कर. तुझ्या बायकोला सांगून ठेवलंय की पत्र संपेपर्यंत खोका तिच्या ताब्यात राहील, आणि ती तुझं नाही, माझं ऐकते. नणंद-भावजय एकीकडे झाल्या की घरातल्या पुरुषाने काय करायचं असतं, हे तुला आजवर शिकावं लागलं नव्हतं. आता शीक.

पहिली बातमी अशी की जुन्या वस्तूंचा तो दुकानदार परत येणार नाही. तू त्याला तुझ्या सगळ्या फेल्ट हॅट्स उचलून न्यायला सांगितलंस आणि स्वतः आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. तो आला तेव्हा नेमकी मी तिथे होते. नेमकी कसली, तुझ्या बायकोने फोन करून बोलावलं होतं. त्याने पहिलीच हॅट माथ्याला चिमटीत धरून उचलली. मला तेवढं पुरे झालं. त्याला खाली बसवलं, चहा पाजला, आणि हॅट कडेला दोन्ही हातांनी धरायची असते, माथ्याला रोज चिमटा बसला की दाबलेल्या लोकरीचं ते फेल्ट तिथे आधी मऊ पडतं आणि मग फाटतं, हे सगळं तुझ्याच शब्दांत ऐकवून रिकाम्या खोक्यांसकट वाटेला लावलं. जाताना बिचारा विचारत होता, हॅट्स बाईंच्या आहेत का म्हणून. मी बेधडक हो म्हणाले.

आणि ते अगदीच खोटं नाही. पहिली हॅट तुला मीच आणून दिली होती. आमचं थिएटर बंद झालं तेव्हा कपडेपटातल्या पेट्या रिकाम्या करायचं काम माझ्याकडे होतं. मखमली अंगरखे आणि खोटे दागिने न्यायला माणसांची झुंबड उडाली, पण तळाशी चेपलेली ती तपकिरी हॅट कुणाला नको होती. मी ती पिशवीत टाकून घरी आणली, ती निव्वळ तुला चिडवायला. तू मात्र ती उलटी करून दिव्याखाली धरलीस आणि जेवायचं विसरलास. आतल्या चामड्याच्या पट्टीवरचा घामाचा डाग, माथ्यावर दोन बोटांनी पडलेला कायमचा खळगा, उजव्या कडेला रोज हात लागून गुळगुळीत झालेली लव. हा माणूस डावखुरा नव्हता, म्हणालास, आणि बायकांना बघून हॅट काढायचा. मी म्हटलं, पुरे, लग्न लावून देऊ का त्याच्याशी? तू हसलासही नाहीस.

तेव्हापासून तू बिघडलास तो बिघडलासच. नकाशे काढायची नोकरी सांभाळून रविवार जुन्या बाजारात, लिलावात, कुणाच्या माळ्यावर. तुझ्या बायकोचं कपाट गेलं, मग पाहुण्यांची खोली गेली. घरात लोकर खाणारी कसर दिसली की तू असा धावायचास की आम्हाला वाटायचं आग लागली. हॅट ब्रश कशी करायची, किटलीच्या वाफेवर किती उंच धरायची, उलटी का ठेवायची, हे मी शिवणकाम करणारी असून तुझ्याकडून शिकले. पण मला सगळ्यांत आवडायचं ते तुझं रविवारचं प्रदर्शन. तू सगळ्या हॅट्स टेबलावर उलट्या मांडायचास आणि पाहुण्यांना आत बघायला लावायचास. बघा म्हणायचास, एक तरी गोल आहे का? कुणाचं डोकं मागून निमुळतं, कुणाचं एका कानावर फुगलेलं, कुणाचं बटाट्यासारखं. नवी हॅट सगळ्यांची सारखीच असते, आणि माणूस ती घालून घालून आपल्यासारखी वाकडी करतो, तेव्हा कुठे ती बघण्यासारखी होते. हे सांगताना तुझा चेहरा असा खुलायचा की हॅटमध्ये काडीचा रस नसलेली माणसंसुद्धा वाकून वाकून आत बघायची.

मग धाकट्या, मला एक सांग. जगातल्या सगळ्या वाकड्या डोक्यांवर जीव टाकणारा माणूस स्वतःच्या डोक्याला एवढा का लाजतो?

लिहिलं एकदाचं. घरात डोकं हा शब्द कुणी काढत नाही. सगळे "त्या प्रकारानंतर" म्हणतात. ऑपरेशन झालं, डोक्यातली गाठ साधी निघाली, डॉक्टरांनी डाव्या कानाच्या वरचा हाडाचा तुकडा काढला आणि तिथे खळगा पडला. झालं ते एवढं. पण तेव्हापासून तू डोक्याला पंचा गुंडाळून बसतोस. दूधवाल्याला दार उघडत नाहीस, न्हाव्याला परत पाठवतोस. दर महिन्याला हॅट्सवर तासन् तास वाद घालणारे तुझे ते दोन मित्र जिन्यावरून परत गेले. आणि आता हॅट्सच घराबाहेर काढायला निघालास. मला कळतं की त्या तुला दिसायला नको आहेत. कळतं, पण मी ऐकणार नाही.

म्हणून दुकानदार गेल्यावर मी त्या दिवशी तुझ्या कपाटातून एक हॅट घरी घेऊन गेले. कुठली ते आता ओळखलं असशीलच. ती काळपट हिरवी, सशाच्या केसांची, कुणीच कधीही न घातलेली. पट्टीखालचा पातळ कागद अजून कारखान्यातल्यासारखा होता. तू तिच्यावर कुणाला श्वास टाकू द्यायचा नाहीस. एका हॅटची फीत उसवली होती ती मला टाचू दिली नाहीस, आली तशी राहू दे म्हणालास, तर या हिरवीचं काय विचारावं! आता बस. हवं तर पाणी पी. मी तो कागद काढून टाकला आणि हॅट वाफेवर धरली.

पहिल्यांदा माझी चांगलीच फजिती झाली. तू सुताराकडून स्वतःच्या डोक्याच्या मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला होतास, तोही मी उचलून आणला होता. वाफवलेली हॅट त्यावर ओढून बसवली, दोरीने आवळली, वाळू दिली. अशी देखणी बसली की मी स्वतःवरच खूश. दुपारी पंचा सुटून तू गाढ झोपलेला असताना आम्ही दोघी पाय न वाजवता आत आलो आणि तुझ्या बायकोने ती हळूच तुझ्या डोक्याशी लावून बघितली, तर चुकीच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तशी हलायला लागली. मला कळेचना. मग तिने माझा हात धरून तुझ्या कानाच्या वर, खळग्यावर ठेवला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठोकळा जुन्या डोक्याचा होता. आम्ही सगळे जुन्याच डोक्याच्या मापाने तुझ्याशी वागत होतो.

दुसऱ्या दुपारी आम्ही शिशाची मऊ तार आणली. तुझी बायको ती तुझ्या कपाळाभोवती इतक्या हलक्या हाताने दाबत गेली की तू फक्त एकदा कूस बदललीस, आणि आमचे दोघींचे श्वास अडकले. तार उचलून कागदावर ठेवली, पेन्सिलीने गिरवली. गोल नाही. बटाटाही नाही. तुझं माप, आजचं. ते मी ठोकळ्यावर चिकटवलं आणि डाव्या अंगाला कानस लावली. होय, तुझ्या ठोकळ्याला. लाकडाचा भुसा माझ्या स्वयंपाकघरात अजून सापडतोय. मग पुन्हा वाफ, पुन्हा ओढाताण. बोटांनी चाचपत, डोळे जवळजवळ मिटूनच काम केलं सगळं. आतली पट्टी नव्याने टाचली, तिचे टाके वाकडे आलेत, त्यावर एक शब्द बोलायचा नाही. डावीकडची कड खाली ओढली असती तर खळगा झाकला गेला असता, तुझ्या बायकोला तसंच हवं होतं. मी नाही ओढली. दोन्हीकडे सारखी ठेवली आहे. हॅट लपायला नसते.

आता हे सगळं आजच का लिहिते आहे ते सांगते. परवा निघताना तू माझा हात धरून म्हणालास, ताई, सगळे माझ्याशी बोलताना इकडे-तिकडे बघतात, तू एकटीच माझ्याकडे सरळ बघतेस. खरं सांगू? मला दिसतच नाही रे, हे पत्रही कागद नाकाशी धरून कसंबसं लिहिते आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कधीचा पिकलाय, तुझ्या आजारपणात कुणाला सांगितला नाही. ऑपरेशननंतर तुझा चेहरा मी एकदाही धड पाहिलेला नाही, नुसता धुरकट डाग दिसतो, त्याच्याकडेच सरळ बघत असते. मंगळवारी सकाळी माझं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. हात धरून घरी आणायला माणूस लागतो. तुझी बायको येते म्हणाली, मी नको म्हटलं. तू यायचंस. हॅट घालून ये नाहीतर उघड्या डोक्याने ये, पण तू आला नाहीस तर मी त्या टेबलावर चढणार नाही, डॉक्टरांनाही तसं सांगून ठेवलंय. आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढतील तेव्हा माझ्या समोर बस. मला तुझ्याकडे खरोखर सरळ बघायचंय, खळग्यासकट.

तुझीच,
ताई