डावखुरी रायफल

टॅमरॅक, मोंटाना
रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय मर्ल,

बरा असशील. गुडघा कसा आहे? थंडी यंदा घाईने आली. माझ्या दुकानामागच्या नळाचं पाणी शुक्रवारीच गोठलं. आपल्या दोघांच्या घरांमध्ये एक ओढा आणि दोन कुंपणं, आणि मी तुला परदेशी असल्यासारखं पत्र लिहितोय, याचं तुला नवल वाटेल. फोन केला असता तर तू "ये की कॉफीला" म्हणाला असतास. मी आलो असतो, एल्क हरणांच्या कळपाबद्दल तासभर बोललो असतो आणि उठून घरी आलो असतो. वर्षभर तेच करतोय.

गुरुवारच्या आपल्या नेमबाजी क्लबाच्या सभेत मी बोलावं असं तू म्हणालास. "ऑरिन, मालकी हक्कावर तुझ्यासारखं कोणाला बोलता येत नाही. तू पाच मिनिटं उभा राहिलास की वाटेचा प्रश्न मिटला." खरं आहे, बोलतो मी बरा. ज्याची जमीन त्याचा शब्द. ज्याचं हत्यार त्याची निवड. विचारल्याशिवाय कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही, पाहुण्याने नाही आणि सरकारने तर नाहीच. वीस वर्षं हे भाषण करतोय आणि वीस वर्षं लोक टाळ्या वाजवतायत. काल मुद्दे काढायला बसलो आणि तीन कागद फाडून चुलीत टाकले.

तुझ्या शेतातून त्या कॅलिफोर्नियाहून आलेल्या स्टुअर्टच्या घराकडे जाणारी वाट तू एक नोव्हेंबरपासून बंद करणार. जमीन तुझी, वाट तुझ्या वडिलांनी त्या घराच्या जुन्या मालकाला नुसत्या तोंडी शब्दावर दिलेली, तेव्हा कायद्याने तुला कोणी अडवू शकत नाही. दुसरा रस्ता डोंगरावरून आहे आणि तो बर्फाने एप्रिलपर्यंत बंद असतो. म्हणजे स्टुअर्ट आणि त्याची बायको मिरियम यांना घर विकून कॅलिफोर्नियाला परत जावं लागणार, हे तुलाही ठाऊक आहे. "जाऊ दे," तू म्हणालास. "शेजाऱ्याच्या घरी सरकार धाडणाऱ्याने शेजाऱ्याची वाट वापरू नये." हॉटेलात बसलेल्या सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

ते राहू दे. आधी पोरीचं, शेल्बीचं सांगतो.

उद्या येतेय ती, शिकारीच्या हंगामासाठी दहा दिवस. परवा फोनवर माझी चौकशी करायच्या आधी तिने विचारलं, "मर्लकाका कसा आहे?" तू हसशील, पण मी हे मोजतो. कोणाचं नाव आधी घेतलं, कोणाकडे किती वेळ बसली, जाताना कोणाला किती घट्ट मिठी मारली. तिची आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तुझ्या घरी जेवायला पळायची तेव्हा मला बरंच वाटायचं, कारण मला भाजलेल्या बटाट्यापलीकडे काही येत नव्हतं. हेव्याची सुरुवात तिथली नाही. त्याची तारीख मला नेमकी माहीत आहे. मागच्या वर्षीचा बारा ऑगस्ट.

त्या दिवशी मी तुझी बारीक कानस मागायला आलो होतो. तू कोठाराकडे गेला होतास, म्हणून मी सरळ तुझ्या कारखान्यात शिरलो. वाइसच्या पकडीत रायफलचा एक अर्धवट दस्ता धरलेला होता. काळपट अक्रोडाचं लाकूड, धुरासारख्या रेघा असलेलं. नळी बसवून झाली होती. मी खिशातून सिगरेटचा कागद काढला आणि लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये सरकवून पाहिला. गेला नाही. चार ठिकाणी पाहिलं, कुठेच गेला नाही. मर्ल, चौतीस वर्षं मी बंदुकांच्या धंद्यात आहे. माझ्या हातून असं बसलेलं काम तीनदा झालं असेल. तू जन्मभर वेल्डिंग केलंस, आणि पटाशी कशी धरायची ते साठीच्या तोंडावर मी तुला शिकवलं. पहिल्या दिवशी तू अंगठा कापून घेतला होतास, आणि मी म्हणालो होतो, "वेल्डर तो वेल्डरच."

रायफल उचलून खांद्याला लावली. बसेना. मग लक्षात आलं की गोळी भरायचा दांडा उलट्या बाजूला आहे आणि गालाचा उंचवटाही उलटा. दस्त्याच्या आतल्या बाजूला तुझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: शेल्बी, डावी, हात आखूड.

तेवढ्यात तू आलास. कसानुसा हसलास. "तिनेच सांगितलं होतं, तुला इतक्यात कळू द्यायचं नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी दाखवणार होती."

"छान झालीय," मी म्हणालो.

"खरंच?" तू म्हणालास. "तुझ्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं, मास्तर." आणि तुला ते खरोखरच बरं वाटलं होतं. तुझ्यात लबाडी नाही, हीच तर पंचाईत. लबाड असतास तर तुझा राग करून मोकळा झालो असतो.

त्याच आठवड्यात शेल्बी आली होती. भांडी पुसता पुसता मी तिला विचारलं, सबंध खोऱ्यात बंदुका नीट करणारा एक माणूस आहे आणि तो तुझा बाप आहे, तरी तू दुसऱ्याकडे का गेलीस?

ती रागावली नाही. म्हणाली, "बाबा, मर्लकाकाने मला विचारलं, तुला कशी हवी? दोन तास नुसतं विचारत होता. हात मोजला, मान मोजली. तू कधी विचारलं नाहीस. तू सांगतोस."

"मी तुला माझी स्वतःची रायफल दिली होती."

"उजव्या हाताची. दहा वर्षांची होते मी. म्हणालास, सवय होईल. सतरा वर्षं झाली, नाही झाली." मग बशी फडताळात ठेवून म्हणाली, "क्लबात म्हणतोस ना, ज्याचं हत्यार त्याची निवड? घरात ते लागू नाही का?"

हसत म्हणाली होती. मीही हसलो.

पुढचं तुला माहीतच आहे. सप्टेंबरअखेर परवाना कचेरीच्या दोन गाड्या तुझ्या अंगणात आल्या. विनापरवाना बंदुका बनवून विकतोस अशी तक्रार होती. तू कोणाकडून पैसा घेतला नव्हतास, फार तर एखादी डुकराची तंगडी नाहीतर लाकडाचा ओंडका. पण ते सिद्ध होईपर्यंत तुझ्या सहाही बंदुका घेऊन गेले. तुझ्या वडिलांची जुनी रायफल गेली आणि शेल्बीचीही गेली. ते लोक सभ्य होते असं तूच सांगितलंस. त्यांच्यातल्या एकाने शेल्बीची रायफल पेटीत ठेवण्याआधी उलटसुलट करून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ही तुम्ही हाताने केलीत?" हे तू मला पुन्हा पुन्हा सांगितलंस. तुला त्यात अपमान वाटला असेल. मला मात्र त्या परक्या माणसाचा तो प्रश्नच टोचला. माझं काम हातात घेऊन असं कोणी कधी विचारलेलं नाही.

सात महिन्यांनी सगळं परत मिळालं, गुन्हा काही नाही असं पत्रही आलं. पण तोवर तू पटाशा तेलाच्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या होत्यास. "हात वळत नाही आता," म्हणालास. शेल्बीचा दस्ता अर्धवट तसाच राहिला. मी तिला म्हणालो, मी पुरा करून देतो. ती म्हणाली, "नको बाबा. मर्लकाकाने केला तर केला."

गाड्या येऊन गेल्या त्या दुपारी हॉटेलात तू मला विचारलंस, "कोणी केलं असेल रे?" टेबलाभोवती सहाजण होते. स्टुअर्ट येऊन जेमतेम चार महिने झाले होते, आणि रविवारी सकाळी गोळीबार करण्याबद्दल इथे काही नियम आहे का, असं त्याने एकदा सगळ्यांसमोर विचारलेलं होतं.

मी म्हणालो, "आपल्यातला कोणी असं करणार नाही."

बाकीचं त्या टेबलाने केलं. मला स्टुअर्टचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही.

*

संध्याकाळ

मधे उठून गेलो होतो. आता बसून हे पुरं करतो.

ती तक्रार मी केली, मर्ल.

इथून नाही, तालुक्याच्या गावी गेलो. साठ मैल गाडी हाकली, तिथल्या वाचनालयाच्या संगणकावर टाइप केलं, खाली नाव घातलं नाही. "एक जबाबदार नागरिक" असं लिहिलं. सरकारी माणूस दारात आला तर त्याला दारातूनच परत पाठवा असं वीस वर्षं सांगत आलो, आणि मीच माझ्या सगळ्यात जुन्या मित्राच्या दारात सरकारी माणूस धाडला. कशासाठी, तर लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये कागद गेला नाही म्हणून.

हातून चुकून झालं असं म्हणणार नाही. जातानाचे साठ मैल आणि येतानाचे साठ मैल, परत फिरायला पुष्कळ रस्ता होता. आणि त्या गाड्या तुझ्या अंगणात उभ्या होत्या तेव्हा मी माझ्या खिडकीतून पाहत होतो. मला बरं वाटलं. पाचएक मिनिटं असेल, पण अगदी मनापासून बरं वाटलं. नंतर तू तुझ्या पायरीवर येऊन बसलास, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीस, आणि ते बरं वाटणं संपलं. हेवा मात्र संपला नाही. मी पाहिलंय, तो वेगळा चालतो.

दुपारी उठून गेलो तो स्टुअर्टकडे. तुझ्याच वाटेने गेलो. दार मिरियमने उघडलं. मागे खोकी रचलेली होती, निम्मी भरलेली. तिने मला आत ये म्हटलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं. स्टुअर्ट आतून आला, हाताला चिकटपट्टी तशीच लागलेली. सगळं ऐकून घेतलं.

"वर्षभर," तो म्हणाला, "किराणा दुकानातली बाई माझ्या हातात सुटे देत नाही. गल्ल्यावर ठेवते. मला वाटलं इथली रीतच असेल."

"नाही," मी म्हणालो. "ती रीत नाही."

"मी नियम विचारला होता तो कुत्र्यासाठी. आमचा कुत्रा आवाजाला घाबरतो, रविवारी त्याला कधी आत घ्यायचं ते हवं होतं. तुमच्या बंदुकांशी माझं काही वाकडं नाही. माझ्या आजोबांची एक वरच आहे, त्या खोक्यात."

मिरियमने विचारलं, "मर्लना सांगितलंत?"

"पत्र अर्धं झालंय."

"मग आधी ते पुरं करा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. जोरात आपटलं नाही. साधं लावलं.

तर हे पुरं करतोय. गुरुवारी मी सभेत बोलणार आहे, पण ते भाषण नाही. हे जे वर लिहिलंय तेच उभं राहून सांगणार, वाचनालयासकट. क्लबातून मला काढतील, काढायलाच हवं. दुकानात कोणी बंदूक घेऊन येणार नाही, तेही बरोबरच. तुझी वाट तू बंद ठेव की उघडी, त्यात मी बोलणार नाही. तुझ्या हद्दीबद्दल मत देण्याचा हक्क मी गमावला आहे. एवढंच मागतो की स्टुअर्ट माणूस म्हणून कसा आहे ते पाहून ठरव. त्या तक्रारीवरून ठरवू नकोस.

आणि पटाशा खाली काढ. मी चांगुलपणाने म्हणत नाही. मला तुझं काम बघवत नाही, अजूनही नाही. पण तू ते करत नाहीस हे त्याहून बघवत नाही. गेले सहा महिने माझ्या बाकड्यावर बसतो तेव्हा समोरची भिंतच दिसते. आधी तू दिसायचास. तुझ्यापेक्षा बरं करायचं म्हणून मी एकेक दस्ता चार चार वेळा घासायचो. आता एकदा घासतो. गिऱ्हाइकाला कळत नाही, मला कळतं.

माफी मागतो आहे, पण उत्तराची घाई नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू कधी ना कधी माफ करशील, आणि खरं सांगू, त्याचाही मला आत्तापासून हेवा वाटतोय. तुझ्या जागी मी असतो तर केलं नसतं.

शेल्बी उद्या दुपारी माझ्याकडे बॅग टाकेल आणि नेहमीसारखी लगेच ओढा ओलांडून तुझ्याकडे निघेल. हे पत्र तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत वाच, असं मीच तिला सांगणार आहे. वाचून ती माझ्याकडे परत आली नाही, तुझ्याच घरी दहा दिवस राहते म्हणाली, तर मागच्या खोलीत तिची व्यवस्था कर. रात्री तिला दोन पांघरुणं लागतात. समजूत घालून तिला माझ्याकडे पाठवू नकोस. कुठे राहायचं ते तिचं तिला ठरवू दे.

तुझा शेजारी,
ऑरिन स्ट्रॅडली