मी शाल घेणार न्हाई

२ जून, सोमवार
आले एकदाची जालन्याला. राजूरच्या स्टँडवर मायनं भाकरी-ठेचा बांधून दिला अन् म्हणाली, मोनिका, कोणापुढं मान खाली घालू नको. बायनाबाईची पोर हाय मी, मेंढरं वळून मोठी झालेली. मी कशाला घालीन मान खाली? नोकऱ्या लावून देणारी एजन्सी हाय ही. माझं काम म्हणजे कारखान्यात नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींना सल्ला द्यायचा. मुलाखतीला वेळेआधी जा, पगार विचारायला लाजू नका, आधीचा माणूस का गेला ते बिनधास्त विचारा. मालक राधेश्याम सेठ लई गोड बोलतात. चांगलं काम केलं की भरल्या ऑफिसात शाल-नारळ देऊन सत्कार, अन् वर बढती.

१३ जून, शुक्रवार
मला काम शिकवणारे कल्याण सर आज शाखाप्रमुख झाले. सेठनं स्वतः शाल पांघरली. आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. पोटभर हसले आज.

१८ जून
एवढ्या उकाड्यात सर शाल काढत न्हाईत. ऑफिसातच झोपून राह्यले. घरी का जात न्हाई विचारलं तर फाइलीत तोंड खुपसलं. बायकोशी वाजलं असंल, दुसरं काय.

२३ जून
सरांची बायको, दैवशालाबाई, आली. सरांच्या मोबाइलवर फोटो पाहिलेला, म्हणून ओळखली. नोकरी पाहिजे म्हणाली. सर समोरच बसलेले, अन् ती त्यांना साहेब, साहेब करून राह्यली. नवऱ्याचं विचारलं तर म्हणे, कुठं गेला देव जाणे, त्याचं तोंडबी ध्यानात येईना. सर रडायला लागले. तिनं मला हळूच विचारलं, साहेबाला काय झालं?


२४ जून
सेठला तोंडावर विचारलं. शांतपणे म्हणाले, शाल घेणाऱ्याला त्याचे घरचे विसरतात, ज्याला घर न्हाई तो मन लावून काम करतो. शुक्रवारी तुझा सत्कार.
पळून जाऊ? लांडग्याला पाठ दाखवायची न्हाई, हे मायनं शिकवलंय. तुमची शाल तुमच्यापाशी ठेवा, सेठ. भ्या दाखवता कोणाला?

२७ जून, दुपार
फेकली. भर कार्यक्रमात शाल सेठच्या पायाशी फेकली. सेठ मात्र हसले. म्हणाले, पोरीचा न्हाई तर तिला घडवणाऱ्या मायचा सत्कार करू, रीतच हाय आपली. शाल घेऊन त्यांची गाडी राजूरला सकाळीच गेल्ती —
माय फोन उचलंना. माय, घेऊ नको. कोणी काहीबी म्हणू दे, घेऊ नको —

२७ जून, राजूर
घरी आले. माय न्हाई. एक बाई बसलेली, अंगावर नवी शाल. म्हणे, मीच तुझी माय. सेठनं पाठवली असंल हिला. मला येडी समजला काय तो. हाताला धरून बाहेर काढली, कडी लावली.

बाहेर बसून रडून राह्यली. माझ्या लहानपणीचं सांगते. गोवर निघाल्ता ते, मेंढराच्या पिलाला कुशीत घेऊन झोपायचे ते. सगळं बराबर सांगते. कोणी शिकवलं हिला?

मी उघडणार न्हाई. रडू दे किती रडायचं ते. मी फसणारी न्हाई. माझ्या मायचं तोंड मला बराबर ठाऊक हाय. गोल — न्हाई, लांबट — कपाळावर गोंदलेलं — की हनुवटीवर — तिचे डोळे