पेढ्यांची घाई

प्रिय दादा,

काल वहिनींच्या गालातला तुकडा तपासायला दिला. मशेरी लावायच्या जागी पांढरा चट्टा आलाय. रिपोर्ट शुक्रवारी. तो हातात येण्याआधी तुझ्या रिपोर्टबद्दल एक सांगायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या जिभेच्या कडेची जखम भरत नव्हती, आठवतं? गल्लीतल्या दवाखान्यात जखमेच्या मधोमध चिमटा लावून तांदळाएवढा तुकडा ओढून काढला. बाहेर येऊन तू म्हणालास, "एवढंसंच? मला वाटलं किलोभर नेत्यात." तुर्भ्याच्या मार्केटात दिवसभर कांद्याच्या गोण्या उचलणारा तू!

घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. रिपोर्टात पहिली ओळ होती, कॅन्सर दिसला नाही. खाली होतं, नमुना अपुरा आणि चिरडलेला आहे, निदान करता येत नाही, पुन्हा घ्यावा. ती ओळ मी वाचली नाही असं म्हणू? वाचली रे. डॉक्टर असं लिहितातच, असं स्वतःला समजावलं आणि जुईनगरच्या जिन्यातूनच ओरडलो, "दादा, काही नाही निघालं!"

त्याच संध्याकाळी तू मार्केटातल्या हमालांच्या सगळ्या टोळीला पेढे वाटलेस. आता तरी तंबाखू सोड म्हटलं, तर म्हणालास, "रिपोर्ट चांगला आलाय ना? मग कशाला टेन्शन घेतो?" मी हातातला पेढा तोंडात टाकला.

तीन महिन्यांनी मानेत गाठ आली. मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा तुकडा मागितला, तेव्हा किती चिडलास! "एकदा दिलाय की. आता समदी जीभ कापून देऊ व्हय?" शेवटी जवळजवळ तेच द्यावं लागलं.

काल मी वहिनींच्या डॉक्टरीणबाईंना आधीच विचारलं, तुकडा कुठून घेणार? "कडेवरून," त्या म्हणाल्या. "थोडा चट्टा, थोडी चांगली त्वचा आणि पुरेसा खोल. जखमेच्या मधला भाग मेलेला असला तर काहीच सांगत नाही. आणि चिमट्यात दाबलं की पेशी पिकल्या केळ्यासारख्या चेंगरतात. मग मायक्रोस्कोपखाली कोण काय ओळखणार?" त्यांनी तुकडा टाक्याच्या दोऱ्याने अलगद उचलला आणि लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत सोडला. पाच मिनिटांचं काम!

तुझ्या वेळी चिमटा चुकला, हे खरं. पण नमुना नीट बघता आला नाही, हे त्या कागदाने तरी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. लपवलं ते मी. वेळेवर कळलं असतं तर तू वाचला असतास का? हे मात्र डॉक्टरीणबाईंना विचारायचं धाडस झालं नाही.

परतताना रिक्षात वहिनी गालात कापूस धरून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "भावजी, या टायमाला पेढ्यांची घाई नको."

मी दचकलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरनी तो कागद वाचून दाखवला. हे पण तिथंच बसलेले. बाहेर आल्यावर म्हणले, धाकट्याला काय बोलायचं नाय."

दादा, इतके महिने मी तुझ्या उशाशी बसलो. एकदा तरी शिवी द्यायची होतीस!

शुक्रवारी रिपोर्ट वहिनींसमोर मोठ्याने, मराठीत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन. पुन्हा तुकडा हवा असं लिहिलेलं असलं, तर त्याच दिवशी त्यांना घेऊन जाईन. हा शब्द तुला.

तुझा धाकटा,
बाळू