ज्या राज्यात कुणी राहिलंच नाही

अण्णा, आज मी जिंकले. तुम्ही असतात तर आधी "कागद दाखव" म्हणाला असतात. नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला तोंडी आनंद चालत नसे. म्हणून सगळं नीट सांगते.

इथे कुवेतच्या वाळवंटात अमेरिकन लष्कराचा तळ आहे. तिथलं स्वयंपाकघर, धुलाई आणि गोदाम सांभाळणाऱ्या ठेकेदार कंपनीत मी पगारपत्रकं बघते. कंपनीचं मुख्य कार्यालय अमेरिकेतल्या एका राज्यात. यंदा पगाराचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि आमच्या सगळ्या माणसांच्या पगारातून त्या राज्याचा आयकर कापला जाऊ लागला. गोदामावरचे रत्नागिरीचे चाचा स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी आले. "ताई, ह्या राज्याचं नाव पन मला वाचता येत नाय. मी तिथं कदी ऱ्हायलो?" लेकीच्या नर्सिंगची फी ते याच पगारातून भरतात.

मी फाइली काढल्या आणि चूक माझीच निघाली. तळावर राहणाऱ्यांना घरचा म्हणून सांगावा असा पत्ता नसतो, खोल्या सारख्या बदलतात. त्यामुळे भरतीच्या वेळी मी नमुन्याचा अर्ज भरून भिंतीवर लावला होता, आणि राहण्याच्या पत्त्याच्या रकान्यात खुशाल मुख्य कार्यालयाचा पत्ता लिहिला होता. सगळ्यांनी तो इमानेइतबारे उतरवून घेतला. झालं, सगळे त्या राज्याचे रहिवासी!

माझे शाळेचे दिवस. आपल्या घरच्या स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापतेय. माझ्या नकाशावर मैत्रिणीने रंग सांडला, असं मी रडत सांगतेय. तुम्ही घास ताटात ठेवता. "बाटलीचं झाकण कुणी उघडं ठेवलं होतं?" एवढंच विचारता आणि पुन्हा जेवू लागता. आठवडाभर मी तुमच्याशी धड बोलले नव्हते.

मी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. सोबत प्रत्येकाच्या पासपोर्टच्या प्रती, तळाच्या फाटकावरच्या रोजच्या नोंदी आणि अर्जाचा दुरुस्त केलेला नमुना जोडला. यांच्यातलं कुणीही तुमच्या राज्यात राहिलेलं नाही, तिथे एक दिवसही काम केलेलं नाही, पत्ता मीच चुकीचा लिहून दिला, असं स्पष्ट लिहिलं. आमचे केरळी साहेब कळवळून म्हणाले, "मॅडम, अपना नाम क्यों डालती हो? सिस्टम की गलती बोल दो ना." नोकरी जाणार असंच मी धरून चालले होते.

आज उत्तर आलं. कपात बंद, कापलेलं सगळं परत! वर माझा दुरुस्त केलेला नमुना त्यांनी दुसऱ्या तळांसाठीही मागवलाय. चाचांनी इथल्या वफ्राच्या मळ्यांतल्या खजुरांचा डबाच आणला. "ताई, तुमी तर त्या सरकारला पन पाणी पाजलंत!" मेसमध्ये टाळ्या पडल्या आणि मी अगदी मिरवून घेतलं, अण्णा. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं.

हे पत्र पाठवायला तुमचा तरी पत्ता कुठे आहे? म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. माझ्या पहिल्या मसुद्यात दोष मनिलाला परत गेलेल्या जुन्या कारकुनावर ढकलला होता. चार दिवस तो मसुदा माझ्या खणात होता. मी तो फाडला, पण तुमची आठवण आली म्हणून नाही. भिंतीवरच्या नमुन्यातलं अक्षर माझं आहे, हे चाचांना ठाऊक होतं म्हणून. तुम्ही आठवलात ते नंतर, सही करून झाल्यावर.