रुमालाखालचा सौदा

८ डिसें., चिखलदरा
आलो एकदाचे. पंकजनं ढकललंच. "बाबा, जिनिंग आता मी पाहतो, तुमी आईले घेऊन जा कुठीतरी." भर सीझनमध्ये! धामणगावात सरकी काढाले आलेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली असन, अन् इथं मी इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यात पाय पसरून बसलो.

शोभा सगळ्या खोल्या पाहून आली, एकेक खिडकी उघडून. तिच्या शाळेची सहल इथं आली होती, तिच्या बापानं पाठवलं नाही. लग्न झालं तेव्हापासून म्हणून राहिली, चिखलदरा दाखवा. मी दरसाल म्हणत आलो, सीझन होऊ दे.

९ डिसें.
रशीदभाई, इथले खानसामे, नाश्त्याच्या वेळीच सांगून मोकळे: भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, कॉफीची झाडं, अन् गाविलगड तर पाहाच. शो. म्हणे, सगळं पाहू, गड शेवटी.

भीमकुंडावर गेलो. दरी खोल आहे. मी रेंज शोधत फिरलो, एका दगडावर चढल्यावर लागली. पंकजले म्हटलं, "भाव काय निघाला?"
"बाबा, दरी पाहा." ठेवला फोन!

परत आलो तर शो. गाडीत जाऊन बसलेली. "तुमी सुट्टीले आले का फोन कराले?"

१० डिसें.
धुकं. कुठी जाता येत नाही. करमत नाही म्हणजे नाहीच.

गादी टोचून राहिली होती. दुपारी शिवण थोडी उसवून कापूस बोटात ओढून पाहिला. धागा आखूड, त्यात सरकीची टरफलं. बाप्पा! असा माल कोणी घेतला? मग आणखी काढला, म्हटलं आतला तरी बरा असन. रशीदभाई चहा घेऊन आले तर पलंगावर हा ढीग. "साहब, ये क्या कर डाला?"

शो. जी हसली, जी हसली. मग सुई-दोरा मागवून शिवत बसली. शिवता शिवता म्हणे, "घरी बी असंच करता तुमी. चांगलं शिवलेलं उसवता. पोराचं बी."
लागलं मले.

११ डिसें.
देवी पॉइंट, कॉफी झालं. फोन दोनदाच. (शो.च्या समोर एकदा.)

संध्याकाळी रशीदभाईनं जुन्या काळच्या कापूस बाजाराचं विचारलं. माझे बाबा करत तसा सौदा दाखवला. हातात हात, वरून रुमाल, बोटं दाबून भाव सांगायचा. पटला तर समोरचा माणूस हात घट्ट दाबते, नाही पटला तर सोडून देते. तोंडातून चकार शब्द नाही. शो. विणकाम बाजूले ठेवून पाहून राहिली. म्हणे, "हे मले कधी दाखवलं नाही." खरंच नाही दाखवलं.

१२ डिसें.
पंकजचा फोन, आपणहून! म्हटलं आली काहीतरी अडचण. निघाच्या तयारीनं बूट घालूनच उचलला.
"बाबा, सगळं मस्त सुरू आहे. घाई करू नका, दोन दिवस आणखी राहा."

वाईट वाटलं. काहीच बिघडलं नाही याचंच वाईट वाटलं. कसा बाप आहे मी!

गड आज होता. माझे गुडघे दुखतात म्हटलं. शो. म्हणे, "गुडघे नाही, तुमचं मन दुखते." पण एकटी गेली नाही. दोन दिवसांचं तिले सांगितलं नाही.

१३ डिसें.
बॅगा मीच भरल्या. गाडी यायची आहे म्हणून पायरीवर हे लिहीत बसलो. धुकं गेलं, ऊन मस्त पडलं.

शो. येऊन बाजूले बसली. म्हणे, पंकजचा मलेबी फोन आला होता.
मी मान वर केली नाही. उजव्या हातात पेन, म्हणून तिनं डावा धरला. वर आपला रुमाल टाकला. अन् दोन बोटं दाबली. पक्क्या व्यापाऱ्यासारखी समोर पाहून राहिली, चेहऱ्यावर काही नाही.

फाटकाशी हॉर्न वाजला. रशीदभाई विचारून राहिले, "साहब, गाडीवाले को क्या बोलूं?"

मी लिहून राहिलो. लिहितो तोवर उत्तर द्यावं लागत नाही. हात दाबला नाही अजून. पण सोडला बी नाही.