महेंद्रच्या मुलखात मी नाही

समडोळी, ता. मिरज
१४ फेब्रुवारी १९९९

आप्पासाहेब,

आधी तुम्हाला जय भीम, मग माझा जय जिनेंद्र. दोन्ही एकाच पाकिटात घातलेत, सवडीनं वेगळे करून घ्या.

थंडीत दम्यानं फार छळलं नाही ना? आक्काताईंच्या डोळ्याची पट्टी सुटली का, आणि सुटल्यावर पहिल्यांदा तुमचा चेहरा दिसून त्या काय म्हणाल्या, ते कळवा. इकडं आम्ही बरे. त्रिशलाचे गुडघे जिना चढताना बोलतात, उतरताना गप्प असतात. मी वाळलोय असं ती म्हणते. त्याला कारण तुमचा महेंद्र आहे असंही म्हणते, आणि त्याबद्दलच लिहायला बसलोय. पत्र लांबणार. कारखान्याच्या काट्यावर तुम्ही वजनाच्या पावत्या लिहायचात आणि मी उसाच्या गाड्या पुढं-मागं करायचो, त्या अकरा हंगामांत तुमची जुनी वर्तमानपत्रं वाचून मी लिहाय-वाचायला शिकलो. कागद जिथं फाटलेला असायचा तिथं माझा धडा संपायचा. त्यामुळं आपल्या हातानं थांबायचं कसं, ते शिकायचंच राहिलं.

तर महेंद्रनं कराडच्या कॉलेजात तीन मित्रांना हाताशी धरून संगणकावर जो खेळ केलाय, ‘मुलूख’ नावाचा, त्याची चकती त्यानं आमच्या ब्राह्मीकडं पाठवली. (ब्राह्मी म्हणजे माझी धाकटी. सांगलीत संगणकाचा क्लास चालवते. तुम्ही तिला परकरात पाहिलीय.) चार वडीलधाऱ्या माणसांना खेळायला बसवा आणि सापडतील त्या चुका वहीत लिहून पाठवा, असं त्यानं कळवलं. मी लगेच वडीलधारा म्हणून नाव दिलं. रोज पहिल्या एस.टी.नं लेकीबरोबर सांगलीला जायचं आणि विद्यार्थी यायच्या आत तासभर मुलखात हिंडून यायचं, असा महिनाभर नेम चाललाय.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी चष्मा दोनदा पुसला. साताऱ्यापासून जतपर्यंतचा सगळा प्रदेश पोरानं आत घातलाय आणि कुठंही जा, कुणी अडवत नाही. वाटेल त्या उसात शिरा, वाटेल त्या विहिरीत डोकवा. आपण एक माणूस चालवायचा, बाणांच्या चार बटणांवर. त्याला भूक लागते, तहान लागते. वेळेवर खाऊ घातलं नाही तर मरतो आणि परत सांगलीच्या आयर्विन पुलावर येऊन उभा राहतो. सुरुवातीला नाव विचारतात. मी पूर्ण दिलं, आदगोंडा नेमगोंडा पाटील. पडद्यावर आदगोंडा एवढंच मावलं, बाकीचा मी बाहेर राहिलो.

आता चुका. (तुमचा मुलगा आहे म्हणून हात राखून लिहितोय.) म्हशी कौलांवर चढून रवंथ करतात. उसाला ज्वारीची कणसं लागतात. रहिमतपूरची एस.टी. पुलावर न चढता सरळ नदीतून जाते आणि कंडक्टर पाण्याखाली तिकिटं फाडत असतो. खेळायला बसणाऱ्या आम्हा चौघांतला मानसिंग एकोणतीस वर्षं कंडक्टर होता. त्यानं वहीत नदीचं नावसुद्धा काढलं नाही. ‘दार लावायच्या आत डबल बेल दिली जाते’ एवढीच तक्रार त्यानं लिहिली आणि खाली सही केली. शिवाय नदी कुठंतरी गळते आणि ते पाणी सगळं जतला जाऊन साठतं. जतकडचा अर्जुना लेकीचं नाव घालायला क्लासमध्ये आला होता. (त्यांच्याकडं वर्षातले सात महिने पाणी टँकरनं येतं.) त्यानं पडद्यावर आपल्या गावात कमरेएवढं पाणी बघितलं आणि खुर्चीवरनं उठून उभाच राहिला. “ताई,” तो ब्राह्मीला म्हणाला, “एवढी चूक तेवढी ल्ह्यू नगासा.” तिनं लिहिली. दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हायच्या आत बघून घ्यावं म्हणून तो बायकोला घेऊन आला.

इथवर सगळं ठीक होतं. मग मला नाथाजी भेटला.

आपला नाथाजी, कारखान्याच्या गेटावरचा वॉचमन, खोलीत आपल्या दोघांच्या मध्ये झोपून घोरणारा. तो महेंद्रच्या खेळात आहे, आप्पासाहेब. कराडला संगमावर त्याची चहाची टपरी आहे. तीच मिशी, तोच फेटा, आणि समोर गेलं की म्हणतो, “या पावणं, च्या घ्या.” मी त्याचं वाईट वाटून घेतलेलं नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. गेल्या वर्षी दाढ दाखवायला तो कराडला गेला, पोरांच्या खोलीवर दोन रात्री राहिला, महेंद्रला टपरीसाठी मिशीवाला माणूस हवाच होता, हे सगळं मला समजतं. मला एवढंच विचारायचंय की अकरा हंगाम आपल्या खोलीत चहा कोण करायचं? मी करायचो. गवती चहा घालून, तुम्हाला कमी साखरेचा, त्याला बशीभर जास्त. नाथाजीनं उभ्या जन्मात चहाचं पातेलं विसळलेलं नाही. आणि आता आमच्या समडोळीतली माणसं त्याला रस्त्यात हाक मारून चहा मागतात, आणि तो फेटा सारखा करून हसतो. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, “आदगोंडा, तू बी ये की रं टपरीवर. वळखीचा म्हणून ताजा टाकतो.” मी म्हटलं, येतो.

आणि गेलो, तिथंच घोटाळा झाला. सांगलीहून चालत कराडला पोचेतो खेळात दिवस मावळतो. मावळला तर मावळला, पण कराडात तो परत उगवतच नाही. (ही मोठी चूक, वहीत पान तेरा.) माझा माणूस टपरीपुढं उभा, पोटात काही नाही, नाथाजी चहा घ्या चहा घ्या करतोय, आणि सूर्य बुडालेला. आमच्यात सूर्य बुडाल्यावर तोंडात काही घालत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. माझं जेवण उरकावं म्हणून तुम्ही काट्यावरनं मला अर्धा तास आधी सोडायचात. ब्राह्मी म्हणाली, आबा, एक बटण दाबा, तो पिईल, खेळ आहे नुसता. मी म्हटलं, माझं नाव लावून चाललाय ना? मग माझ्यासारखाच वागेल. पहाटेची वाट बघत बसलो. माझा माणूस खाली बसला, मग आडवा झाला, मग पुलावर जाऊन उभा राहिला. असं चारदा झालं. चारदा मी नाथाजीच्या दारात उपाशी मेलो, आणि प्रत्येक वेळी शेवटचा शब्द त्याचाच, “या पावणं.” मानसिंग मागं बसून बघत होता. “पाटील, मेल्यावर तरी त्याचा च्या घ्या,” असं म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मग माझ्या मनात आलं, नाथाजी आहे तर मीही कुठंतरी असणारच. महेंद्र लहानपणी सुट्टीत खोलीवर यायचा तेव्हा माझ्या खांद्यावर बसून गाड्या मोजायचा. म्हणून आधी कारखान्यावर गेलो. हुबेहूब केलाय हो. काटा आहे, काट्याच्या खिडकीत तरुणपणचे तुम्ही आहात, भांगसुद्धा तुमचाच. गाड्यांची रांग गेटापर्यंत आहे, बैलांच्या गळ्यात घुंगरं आहेत. एक गाडी काट्यावर चढते, थांबते, उतरते, मग दुसरी पुढं येते. चालवणारा कुणी नाही. गाड्या आपोआप सरकतात. मी तिथं बराच वेळ उभा होतो. ब्राह्मीनं विचारलं, इथं काय चूक आहे आबा? मी म्हटलं, काही नाही, घुंगरं जरा मोठी वाजतात, ते लिही.

शेवटी कराड टाळून तासगाव, विटा, पुसेसावळी असा वळसा घालून रहिमतपूर गाठलं. तिकडं सूर्य नीट उगवतो, त्यामुळं वाटेत जेवण झालं. तुमची गल्ली, तुमची सायकल, सगळं जागच्या जागी. दार काही उघडेना. पुष्कळ धडका दिल्या आणि एका धडकेला भिंतीतून आत गेलो. तुम्ही खुर्चीत बसला होता, पाठ करून. मी डावीकडून आलो, तुम्ही उजवीकडं वळलात. मी उजवीकडून आलो, तुम्ही डावीकडं. सात फेऱ्या घातल्या. मग पडद्यावर तुमचं बोलणं उमटलं, “कोण आपण? काय काम?”

ब्राह्मीनं वहीत लिहिलं, ‘आप्पासाहेब पाठ फिरवतात, दुरुस्त करणे.’ मलाही कळतं की ती चूकच आहे, म्हशींची असते तशी. पण त्या दिवसापासून जेवण जात नाही. त्रिशला म्हणते वाळलो, ते यामुळं.

असो. खेळ उत्तम आहे. महेंद्रला माझा आशीर्वाद सांगा. आक्काताईंना नमस्कार.

तुमचा,
आदगोंडा

ता.क. मुळात पत्र लिहिलं ते अशासाठी की मलाही आत घालायला सांगा. टपरी नको, मिशीही नको. काट्यावरच्या एका तरी गाडीपुढं उभा करा. बोलणारा नसला तरी चालेल. आणि नाथाजीच्या टपरीत जागा असेल तर पातेल्याजवळ मला बसवा, तो गल्ल्यावर बसू दे.

ता.क. पाकीट चिकटवणार तोच नाथाजी दारात. मी कागद झाकला, पण त्यानं तुमचं नाव वाचलं आणि उंबऱ्यावरच बसला. मग हळूच म्हणाला, “आदगोंडा, येक इचारू? तुला बी आप्पासायेब कोण म्हणून इचारत्यात का रं?” मी म्हटलं, व्हय. तो फेटा काढून मांडीवर घेऊन बसला. ब्राह्मीच्या क्लासात खेळताना त्याला ते बघून तीन आठवडे झालेत म्हणे, कुणाला बोलला नव्हता. स्वतःच्या टपरीवरही नंतर गेला नाही. तर आता वरची दुरुस्तीची मागणी राहू द्या, पोराची परीक्षा आहे. आम्ही दोघं येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं रहिमतपूरला येतोय. मानसिंगनं गाडीची वेळ सांगितलीय आणि पुलावरनं जाणारी असल्याची खात्री दिलीय. माझं जेवण दिवसाउजेडी होईल असं बघा, नाथाजीचं केव्हाही.

ता.क. हे शेवटचं, नाथाजी न्हाणीत हातपाय धुतोय तेवढ्यात घाईनं लिहितो. रविवारी आम्ही दोघं एकदमच दारात उभे राहू. तुम्ही हाक मारताना माझं नाव आधी घ्या.